दुसरी मेणबत्ती

सेलूच्या रस्त्याला पऱ्हाटी फुटली की माझ्या पोटात गोळा येतो.

बाकीच्यांना हे दिवस आवडतात. आवडण्यासारखेच आहेत. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि दहा वाजता ती स्कूटीच्या डिकीत जाते. तुरीला पिवळी फुलं लागलेली असतात. वावरावावरांत बाया ओटी बांधून कापूस वेचत असतात, त्यांच्या हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, आणि माझ्या नववीच्या वर्गात सहा-सात मुली कमी असतात, कारण त्या त्याच वावरांत असतात. जिनिंग मिलकडे निघालेल्या गाड्यांतून पुंजके उडतात नि बाभळीच्या काट्यांना अडकून राहतात. कुणी फोटो काढतं. मी ते पुंजके पाहते आणि मनात म्हणते, आता पत्र पडणार.

काल शिक्षणाधिकारी कार्यालयाचं पत्र पडलं. विज्ञान शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण, सोमवारपासून, उपस्थिती अनिवार्य, गैरहजर राहिल्यास जबाबदारी आपली. खाली यादी. यादीचे दोन भाग असतात : शिकवणारे शिक्षक आणि शिकणारे शिक्षक. शिकवणाऱ्यांना सुलभक म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मी सुलभक होते. काल मी यादी तीनदा पाहिली. सुलभकांत मी नाही. शिकणाऱ्यांत आहे, एकेचाळिसावी. मागच्या वर्षीही असंच होतं. याचा अर्थ काय लावायचा? शिक्षा म्हणायची? टाइप करणाऱ्याची चूक म्हणायची? की काहीच नाही, दर वर्षी माणसं बदलतात तशी बदलली? विचारायला जावं तर विचारलं म्हणूनच काहीतरी होईल असं वाटतं. माझी मान्यतेची फाइल त्याच इमारतीत आहे.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही, म्हणून सांगते. आमच्यासारख्या खाजगी अनुदानित शाळेत नेमणूक संस्था करते, पण ती नेमणूक खरी आहे असा मान्यतेचा शिक्का त्या कार्यालयातून यावा लागतो. तो येईपर्यंत तुम्ही वर्ग घेता, पेपर तपासता, सहल नेता, सव्वीस जानेवारीला कवायत घेता, पण कागदावर नसता. मी चार वर्षं कागदावर नाही. एखाद्या दिवशी कुणी म्हणालं की बाई, तुमची गरज नाही, तर मला उभं राहायला सतरंजीसुद्धा नाही.

आणि तरीही, याच मोसमात, दोन वर्षांपूर्वी, मी ते केलं. बरोबर केलं की नाही हे मला विचारू नका. केलं हे बरोबरच होतं. पण भीती अजून गेलेली नाही, आणि ती नाही असं मी लिहिणार नाही.

मला सुलभक केलं ते बोलण्यामुळे. विज्ञान प्रदर्शनात मी मुलांचा एक प्रयोग समजावून देत होते, ते जिल्ह्यावरून आलेल्या साहेबांनी ऐकलं. म्हणाले, मॅडम, तुमचं बोलणं दमदार आहे, शिक्षकांसमोर उभ्या राहा. दमदार बोलणं ही माझी वर्ध्याच्या कॉलेजातली शिकवण. आम्ही पाच-सहाजण तेव्हा गावोगाव पत्रकं वाटत हिंडायचो. करणी, भानामती, बुवाबाजी, हुंडा, शाळांची गळकी छपरं, जे अंगावर येईल त्यावर पत्रक. मजकूर माझा. पत्रकाला नियम असतात. पहिलं वाक्य कानाखाली वाजलं पाहिजे. वाक्य लहान पाहिजे. शत्रू एकच पाहिजे. आणि 'कदाचित' हा शब्द पत्रकात चालत नाही. 'कदाचित हा बुवा आपल्याला फसवत असावा' असं छापून कुणाच्या हातात द्याल? तो त्यात चिवडा बांधेल.

एक बुवा होता. पाण्याच्या परातीत दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालायचा. आत दिवा विझायचा आणि परातीतलं पाणी तांब्यात चढायचं. म्हणायचा, पाहा, तुमच्या घरातली बाधा पाणी पिऊन राह्यली. आम्ही त्याच गावात, त्याच पारावर, काचेचा ग्लास आणि मेणबत्ती घेऊन तोच खेळ करून दाखवायचो. बाधा नाही नि बिधा नाही! जळायला ऑक्सिजन लागतो. हवेत तो एक पंचमांश असतो. तो जळून गेला, रिकामी जागा पाण्यानं भरली. मोजा, बरोबर एक पंचमांश चढलं! टाळ्या पडायच्या. मग पत्रक, मागच्या पानावर आकृतीसकट. गठ्ठेच्या गठ्ठे वाटले आम्ही.

आता आठवून सांगते : बरोबर एक पंचमांश ते कधीच चढत नसे. कधी जास्त चढे, कधी कमी. जो ग्लास जवळपास यायचा तो आम्ही वर उचलून दाखवायचो. यात लबाडी आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही, कारण आमची बाजू सत्याची होती.

दोन वर्षांपूर्वीचा तो हॉल मला जसाच्या तसा दिसतो. पत्र्याचं छत, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडक्यांना लावलेली जुनी बॅनरं, मागच्या दारातून येणारा आलू-वांग्याच्या भाजीचा वास. दोन-तीन तालुक्यांचे साठ-सत्तर विज्ञान शिक्षक. पहिल्या दिवशी तीन तास एकजण पडद्यावर उमटलेली वाक्यं वाचून दाखवत होता. पडद्यावरचं वाचायला येतं म्हणूनच तर आम्ही शिक्षक झालो! दर तासाला हजेरीचा फोटो. फोटोत जागा उमटली पाहिजे, वेळ उमटली पाहिजे. शिकलो की नाही ते कुठे उमटतं? शेवटी एक लिंक येते, ती भरली की प्रमाणपत्र येतं. ते मुख्याध्यापकांना पाठवायचं, मुख्याध्यापकांनी केंद्राला, केंद्रानं तालुक्याला. सगळा प्रवास प्रमाणपत्र करतं. शिक्षक होता त्याच खुर्चीत बसून असतो. मी तिथे बसून मनात पत्रक लिहीत होते. दुसऱ्या दिवशी माझा तास आहे, मी यांना दाखवते प्रशिक्षण कशाला म्हणतात.

दाखवलं. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, जेव्हा निम्मा हॉल डुलक्या घेत होता. परात, रंगीत पाणी, मेणबत्ती, ग्लास. बुवाची गोष्ट रंगवून सांगितली. माणसं जागी झाली. पाणी चढलं. टाळ्या. साहेब पुढच्या रांगेतून मोबाइलवर घेत होते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतला एक हात वर झाला.

ते उईके सर. गिरडच्याही पलीकडे एका निवासी शाळेत विज्ञान शिकवतात. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात एक छोटी वही. घरी गोंडी बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी, आणि हॉलमध्ये बहुधा काहीच नाही.

"मॅडम, दोन मेणबत्त्या लावल्या तं?"

"दोन लावल्या तर काय होईल सर? प्रकाश जास्त पडेल." हॉल हसला. मीही हसले.

"नाई, पाणी जास्त चढते. मी लावून पाह्यल्या. आत ऑक्सिजन तं तेवढाच हाय न? मंग जास्त काऊन चढते?" ते थांबले. मग खाली बघत म्हणाले, "आन मेणबत्ती जळून राह्यली तोवर पाणी हलत नाई. इझली का झपकन चढते. ऑक्सिजन हळूहळू संपते, तं पाणीबी हळूहळू चढाले पाह्यजे."

मला उत्तर येत नव्हतं. हे इतकं साधं आहे. उत्तर येत नव्हतं, आणि समोर साठ-सत्तर माणसं होती, मोबाइल चालू होता, आणि माझी फाइल कुठल्यातरी टेबलावर होती. मी म्हणाले, "सर, हे सगळीकडे छापलेलं आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "बसा सर, चहा येऊन राह्यला!" पुन्हा हशा. उईके सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते बसले.

छापलेलं आहे. पोथीत लिहिलंय म्हणणाऱ्या माणसांच्या अंगावर मी किती वेळा धावून गेले असेन. लिहिलंय म्हणून खरं का, असं विचारत गावंच्या गावं पालथी घातली. आणि अडचणीत सापडल्यावर माझ्या तोंडून निघालं ते हेच. शिवाय ते सगळीकडे छापणाऱ्यांत एक मीच होते.

संध्याकाळी खोलीवर आले. दिवाबत्तीची वेळ. शेजारी वरणाला फोडणी पडत होती. परातीत पाणी घेतलं, एक मेणबत्ती लावली, ग्लास पालथा घातला, पाणी चढलं तिथे स्केचपेननं खूण केली. मग दोन लावल्या. खूण वर गेली. मग तीन. आणखी वर. लोणच्याची रिकामी बरणी घेतली, तिच्यातही तेच. चौथ्या-पाचव्या वेळी मी तोंड बंद ठेवून नुसती पाहत बसले, तेव्हा मला बुडबुडे दिसले. ग्लास खाली आणताना काठाखालून बुडबुडे निघतात. ज्योतीनं हवा तापते, फुगते, थोडी बाहेर पळते. ज्योत मेली की उरलेली हवा गार होते, आकसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजन सगळा संपतही नाही. बराचसा आत उरलेला असतानाच ज्योत मरते. जास्त मेणबत्त्या, जास्त ताप, जास्त हवा बाहेर, जास्त पाणी आत. गरम आणि गार. संपलं.

इतकी वर्षं ते बुडबुडे माझ्यासमोर निघत होते. मी बोलत असल्यामुळे मला दिसले नव्हते.

आम्ही त्या गावातून भूत काढलं होतं आणि त्याच्या जागी ऑक्सिजन बसवला होता. लोकांनी दोघांनाही सारख्याच भक्तीनं हात जोडले.

मोबाइल वाजला. माझा व्हिडिओ जिल्ह्याच्या ग्रुपवर पडला होता. 'उपक्रमशील शिक्षिका' असं वर लिहून. खाली अंगठे. एक अंगठा, दोन, सात, पंधरा. एकेक अंगठा म्हणजे एकेक शाळा, एकेका शाळेत सहावी-सातवीचा एकेक वर्ग. परातीतलं पाणी तसंच ठेवून मी तो आकडा वाढताना पाहत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. खूश होते. "मॅडम, शेवटच्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा करा. चांगला कॅमेरा आणतोय. वरती पाठवायचं आहे." मग सहज म्हणाले, "तुमची मान्यता झाली का हो?" मी म्हणाले, "नाही सर." ते म्हणाले, "बघू." माणूस वाईट नव्हता. आजही म्हणते, नव्हता. त्या 'बघू'त धमकी नव्हती, आमिषही नव्हतं. पण ज्याची फाइल अडकलेली असते त्याला साधं 'बघू' दोन्ही कानांनी वेगवेगळं ऐकू येतं.

ढोले मॅडमना सांगितलं. त्या आमच्या शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापिका, त्याही विज्ञानाच्याच. माझी फाइल त्यांनी स्वतः एसटीनं जाऊन कार्यालयात दिलेली. जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून मी त्यांना बुडबुडे, गरम, गार, सगळं सांगितलं.

"तुले कोणी विचारलं का?" त्या म्हणाल्या.

"उईके सरांनी."

"ते विचारून बसले खाली. आता त्यायनंबी सोडून देलं. तू कायले उकरतं?"

"चूक आहे मॅडम ते."

"चूक तं मीबी शिकवली तीस वर्षं. मले कोणं फासावर चढवलं?" त्यांनी मला ताटात भाजी वाढून घ्यायला लावली. "ऐक माय पल्लवी. आधी मान्यता येऊ दे. मंग चौकात उभी राहून सांगजो जगाले, मीबी येतो संगं. जेव आता. वांगं थंड होऊन राह्यलं."

मला त्यांचा राग आला, आणि त्या राग येण्यासारखं काही बोलल्या नव्हत्या याचा जास्त राग आला. त्यांनी माझ्यासारख्या किती पोरी चार-चार वर्षं शिकवून रिकाम्या हातानं घरी गेलेल्या पाहिल्या होत्या.

चौथ्या दिवशी उईके सर स्टँडवर भेटले. हिंगणघाटकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत सिमेंटच्या बाकावर बसले होते. दोन दिवस मी त्यांची नजर टाळत होते. त्या वहीचाही मला राग आला होता. आता मात्र मीच जाऊन बसले, आणि बसल्याबसल्या भांडल्यासारखं विचारलं, "सर, तुम्ही हे आधी कधी कुणाला विचारलं नाही का?"

"कोणाले विचारू मॅडम? शाळेत विज्ञानवाला मी एकटाच. मराठीवाले दोघं हायत, ते आपसात भांडतात, बरं वाटते आयकाले. माह्या प्रश्नावर भांडाले कोणी नाई." त्यांनी वही काढली. रबर लावून बांधलेली. "नऊ वर्षं झाले. आश्रमशाळेत लाइन गेलती, पोरींनी पाच-सहा मेणबत्त्या एकाच डब्याखाली झाकल्या, तवा दिसलं. लिहून ठेवलं. दर वर्षी प्रशिक्षणाले वही घेऊन येतो. हात वर कराची हिंमत होत नाई. यंदा तुमी जोरानं बोलल्या, मले वाटलं या सांगतीन."

गाडी आली. ते चढले. मी तिथेच बसून राहिले.

नऊ वर्षं. आपल्याकडे शिक्षकांच्या जाळ्याबद्दल फार बोललं जातं. ग्रुप आहेत, ग्रुपवर ग्रुप आहेत, सुप्रभात आहे, वाढदिवस आहेत, परिपत्रकं आहेत, लिंका आहेत. आणि या सगळ्या जाळ्याच्या भोकातून एका माणसाचा एक प्रश्न नऊ वर्षं खाली पडत राहिला. सेवाग्रामच्या दवाखान्यात एका डॉक्टराला एखादी गोष्ट कळली नाही तर तो शेजारच्याला विचारतो; त्यात त्याची इज्जत जात नाही. बहुतेक शाळांत विज्ञानाचा शिक्षक एकच असतो. त्याला कळलं नाही तर ते शाळेतच कुणाला कळलेलं नसतं. तो एकटा चुकतो, एकटा झाकतो, आणि दर वर्षी नव्या वर्गाला तेच पक्कं करून सांगतो. माणसाला धड चुकायलासुद्धा सोबत लागते. ती आम्हाला कुणी दिली नाही. आम्हाला प्रमाणपत्रं दिली.

हे वाक्य पत्रकाचं झालं, मला कळतं. पण खरं आहे.

पाचव्या दिवशी सकाळी हॉलमध्ये कॅमेरा तिपाईवर लावलेला. साहेब म्हणाले, "मॅडम, आत्मविश्वासानं." मी एक मेणबत्ती लावली, ग्लास घातला, पाणी चढलं, खूण केली. टाळ्या वाजवायला हात वर गेले. मी पिशवीतून आणखी दोन मेणबत्त्या काढल्या. काडी दोनदा विझली. तिन्ही लावल्या. तोच ग्लास. पाणी खुणेच्या वर गेलं, चांगलं दोन बोटं वर.

"परवा मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," मी म्हणाले. पुढचं वाक्य मी एक रात्र नाही, तीन रात्री पाठ केलं होतं, ते आठवेना. मग जसं सुचलं तसं सांगितलं. बुडबुडे, गरम, गार. "हे मी शोधलेलं नाही. हा प्रश्न उईके सरांचा आहे. मी त्यांना गप्प बसवलं होतं."

मग एकजण म्हणाला, "मंग आता पेपरात काय लिहाचं मॅडम? मार्क कोण देईन?" दुसरा म्हणाला, "वीस वर्षांचे पोरं बोलवा आता वापस, सांगा त्यायले!" हशा झाला. पण त्या हशात थोडा सुटल्याचा आवाज होता, तो मी ऐकला. तीन-चार जण पुढे येऊन परातीवर वाकले. एका सरांनी स्वतःच्या हातानं पुन्हा काडी ओढली. कॅमेरा कुणीतरी केव्हाच बंद केला होता.

प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर साहेब माझ्याजवळ आले. "मॅडम, हे तुम्ही आधी मला केबिनमध्ये सांगायला पाहिजे होतं." आवाज चढला नाही. चढला असता तर मला लढता आलं असतं. आवाज चढवणाऱ्यांशी कसं लढायचं ते मला येतं. ते घड्याळ बघत निघून गेले, आणि मी मेण लागलेली परात हातात धरून उभी.

उईके सर एसटीच्या जुन्या तिकिटानं परातीचं मेण खरवडायला लागले. मी म्हणाले, "सर, परवा मी..." आणि अडले. पत्रक लिहिणाऱ्याला निषेधाचा मजकूर येतो, माफीचा येत नाही. त्यांनी मान वर केली नाही. "मॅडम, तीन मेणबत्त्यांले पाणी तिप्पट चढत नाई. मी गणित मांडलं, जमत नाई. तुमी पाहान का?" आणि वही माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "दुसऱ्या शनिवारी मोकळ्या हाय का?"

तसं ते सुरू झालं. त्याला नाव नाही, पत्र नाही, हजेरी नाही, फोटो नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत दहा-बाराजण येतात, कुणी सेलूचं, कुणी समुद्रपूरकडचं. किल्ली ढोले मॅडमची. पहिल्या वेळी किल्ली देताना त्या म्हणाल्या, "काही झालं तं मी म्हणन, मले माहीत नाई, पोरगी चोरून घेऊन गेली." आणि मग स्वतःच येऊन बसल्या. एकच रीत आम्ही पाळतो : आल्यावर प्रत्येकानं अशी एक गोष्ट सांगायची, जी आपण शिकवतो पण स्वतः कधी पाहिलेली नाही. पहिल्या दिवशी एकजण म्हणाले, मी चुंबकाच्या रेषा शिकवतो, लोखंडाचा कीस कधी टाकून पाह्यला नाई. एक मॅडम म्हणाल्या, ग्रह लुकलुकत नाहीत हे मी फळ्यावर लिहिते, पण आभाळात बोट दाखव म्हटलं तर मला दाखवता येत नाही. मग थांबेचनात. वय झालेली माणसं, हसत हसत, एकमेकांच्या वरताण सांगत होती. इतकं न पाहिलेलं साठलं होतं प्रत्येकाजवळ. ज्यांनी उभा जिल्हा विज्ञान शिकवला त्यांच्याजवळ.

या दोन वर्षांत मला भीती वाटली नाही असा एकही दुसरा शनिवार गेला नाही. गेटवर गाडी वाजली की मी खिडकीकडे बघते. विनापरवानगी बैठका, असं कुणी कागदावर लिहिलं तर त्याला उत्तर काय द्यायचं, ते मी मनात लिहून ठेवलंय, पहिलं वाक्य कानाखाली वाजणारं. पण कागद येत नाही. मान्यताही येत नाही. कार्यालयात गेलं की टेबलावरचा माणूस अदबीनं सांगतो, त्रुटी नाही मॅडम, प्रक्रियेत आहे. मी बोलले म्हणून ती अडली, असं म्हणायला माझ्याजवळ एकही पुरावा नाही. मी बोलले नसते तरी ती अशीच अडली असती का? कदाचित. हा शब्द आता माझ्या अंगाखांद्यावर बसलेला असतो. प्रयोगशाळेत तो चांगला वाटतो. घरी आई फोनवर विचारते, "झालं का बाई तुझं?" तेव्हा नाही वाटत.

आणि दुसरी एक भीती आहे, ती कुणाला सांगता येत नाही. एक मेणबत्ती सापडली. अशा किती असतील? फळ्यासमोर मी ठासून बोलायला लागले की मधेच जीभ अडखळते. मुलं पाहतात. मी त्यांना सांगते, हे मी पाहिलेलं नाही, वाचलेलं आहे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मंग लिहू का नको?" मी म्हणाले, "लिही, पण बाजूला खूण कर." त्यांच्या वह्यांचे समास आता खुणांनी भरलेत. तपासणीला कुणी आलं तर काय म्हणेल, या विचारानं मला घाम फुटतो.

मागच्या शनिवारी ढोले मॅडमनी पहिल्यांदा स्वतःचं सांगितलं. दोन वर्षं त्या सगळ्यांचं ऐकून घेत होत्या, चहाची साखर बघत होत्या, आपली पाळी आली की "माह्यं काही नाई" म्हणून हात झटकत होत्या. या महिनाअखेर त्या निवृत्त होताहेत. माझ्या फाइलवर सही करणारं, एसटीनं जाऊन ती पुढे सरकवणारं माणूस आता शाळेत नसणार. हे माझ्या मनात दिवसभर ठणकत होतं. सगळे बसले होते. त्या उठल्या, काचेचं कपाट उघडलं, आणि वरच्या फळीवरची लाकडी पेटी खाली काढली. तिच्यावर तपासणीच्या जुन्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या.

"हे सूक्ष्मदर्शक," त्या म्हणाल्या. "मी लागली तवापासून हाय. दर तपासणीले बाहेर काढतो, पुसतो, आत ठेवतो. फुटन म्हणून हात नाई लावला, ना पोरींले लावू देला. एकतीस वर्षं कांद्याच्या पापुद्र्याची पेशी मी फळ्यावर काढून राह्यली. मले ती कशी असते माहीत नाई."

उईके सरांनी डब्यातला कांदा काढला, नखानं पापुद्रा सोलला, पाण्याच्या थेंबात पसरला. आरसा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. ढोले मॅडम पदर खोचून स्टुलावर बसल्या आणि वाकल्या.

"काय दिसून राह्यलं मॅडम?"

"केसं. जाडजाड केसं."

"त्या तुमच्या पापण्या आहेत," मी म्हणाले. "थोडं मागे या. दुसरा डोळाही उघडाच ठेवा."

त्या मागे आल्या. चाक अगदी हळू फिरवलं, कुकरची शिट्टी काढावी तसं जपून. मग हात थांबला. बाहेर रस्त्यावरून कापसाची गाडी गेली, तिचा आवाज आला आणि गेला. त्या पाहत होत्या. त्यांच्या मागे दहाजण पाळी धरून उभे होते आणि एकानंही म्हटलं नाही की आता मला पाहू द्या.

"अवो माय," त्या म्हणाल्या. "विटाच विटा." मग डोळा न काढता, "पल्लवी, हे मधात हलून राह्यलं ते काय हाय?"

त्या बाजूला झाल्या. मी वाकून पाहिलं. विटांच्या रांगेत, एका घरात, कणकण काहीतरी कडेकडेनं सरकत होतं. पाणी सुकत असेल. हवा असेल. पेशीच्या आत काही वाहत असेल. मी पुस्तकातलं सगळं आठवून पाहिलं. अकराजण माझ्या तोंडाकडे बघत होते, हॉलमध्ये साठ-सत्तर बघत होते तसेच.

"माहीत नाही मॅडम," मी म्हणाले.

"मंग सरक बाजूले," ढोले मॅडम म्हणाल्या. "मले पाहू दे."